लिफ्टमधली पाटी आणि असमानतेचे गणित

अनेक इमारतींच्या लिफ्टमध्ये '8 व्यक्ती, 544 किलो' अशी पाटी असते. एका व्यक्तीचे वजन सरासरी 68 किलो धरून हा आकडा येतो. लिफ्टमध्ये नेमके किती वजन असावे हे ती पाटी सांगत नाही. वजन कुठवर चालेल एवढेच सांगते. अशी अट समीकरणात बसत नाही, तिला असमानता, म्हणजे 'इतक्याहून जास्त नाही' (≤) किंवा 'इतक्याहून कमी नाही' (≥) असे सांगणारी मांडणी, लागते, आणि रोजच्या व्यवहारातल्या बहुतेक अटी याच प्रकारच्या असतात.

समजा, 75 आणि 65 किलो वजनाच्या दोन व्यक्तींना तांदळाची 25 किलोची पोती वर न्यायची आहेत. एका खेपेतील पोत्यांची संख्या क्ष मानली, तर अट अशी होते: 140 + 25क्ष ≤ 544. दोन्ही बाजूंतून 140 वजा करून 25 ने भागले की क्ष ≤ 16.16 मिळते. पोते फोडायचे नसल्याने एका खेपेत जास्तीत जास्त 16 पोती जातील. आता एकूण पोती 50 असतील आणि खेपा य लागणार असतील, तर 16य ≥ 50, म्हणजेच य ≥ 3.125. येथे अपूर्णांक सोडून 3 म्हटले, तर दोन पोती खालीच राहतात. म्हणून खेपा 4 कराव्या लागतात. उत्तर खालच्या पूर्णांकावर आणायचे की वरच्या, हे आसन्न मूल्याच्या नियमावरून नव्हे, तर मूळ परिस्थितीवरून ठरते.

माझ्या मते या विषयातला खरा कठीण भाग असमानता सोडवणे हा नसून ती मांडणे हा आहे. 'कमीत कमी 75 टक्के उपस्थिती आवश्यक' हे वाक्य घ्या. त्यात 'कमी' हा शब्द दोनदा येतो, म्हणून पुष्कळ विद्यार्थी घाईने ≤ लिहितात. प्रत्यक्षात उपस्थिती 75 टक्के किंवा त्याहून जास्त हवी आहे, म्हणून चिन्ह ≥ हवे. एखाद्या विद्यार्थिनीने झालेल्या 40 तासिकांपैकी 26 तासिकांना हजेरी लावली असेल आणि यापुढे ती एकही तासिका चुकवणार नसेल, तर आणखी क्ष तासिकांनंतरची अट (26 + क्ष)/(40 + क्ष) ≥ 75/100 अशी होईल. क्ष केवळ वरच्या राशीत मिळवणे ही येथे होणारी नेहमीची चूक आहे. हजेरी वाढते तशी झालेल्या तासिकांची संख्याही वाढते. छेद धन असल्याने तिरकस गुणाकार करता येतो: 104 + 4क्ष ≥ 120 + 3क्ष, म्हणून क्ष ≥ 16. पडताळा घेतला तर 56 पैकी 42 म्हणजे बरोबर 75 टक्के.

ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना मात्र चिन्ह उलटते. प्रवासाच्या कार्डात 500 रुपये आहेत, एका फेरीला 40 रुपये लागतात आणि निदान 100 रुपये शिल्लक ठेवायचे आहेत, असे समजू. 500 − 40क्ष ≥ 100 वरून −40क्ष ≥ −400 मिळते, आणि −40 ने भागल्यावर क्ष ≤ 10. चिन्ह तसेच ठेवले, तर 'किमान 10 फेऱ्या केल्या तरच पैसे उरतील' असा विपरीत अर्थ निघतो. 2 हा 5 पेक्षा लहान असला, तरी −2 हा −5 पेक्षा मोठा असतो. नियमाचे मूळ एवढेच आहे.

< आणि > ही चिन्हे टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर 1631 मध्ये छापलेल्या ग्रंथात प्रथम दिसतात. त्यांचे सामर्थ्य कळते ते अनेक अटी एकाच वेळी पाळायच्या असतात तेव्हा. कारखान्यात कच्चा माल, यंत्रांचे तास आणि मनुष्यबळ या तिन्हींच्या मर्यादा सांभाळून जास्तीत जास्त नफा मिळवणे हा असाच प्रश्न आहे. सर्व असमानता पाळणारी उत्तरे मिळून एक बहुतलीय, म्हणजे अनेक सपाट पृष्ठांनी वेढलेली, आकृती तयार होते. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये दिलेली सिम्प्लेक्स पद्धत या आकृतीच्या कडांवरून एका शिरोबिंदूकडून दुसऱ्याकडे जात सर्वोत्तम उत्तर शोधते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी 1984 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना वेगळा मार्ग दाखवला: त्यांची पद्धत कडा सोडून आकृतीच्या आतून वाट काढते, आणि असमानतांची संख्या फार मोठी असते तेथे ही आतली वाट अनेकदा जवळची ठरते.