दाढेतली ‘चांदी’ सरसकट काढून टाकण्याची गरज नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अनेकांच्या दाढांत जुनी ‘चांदी’, म्हणजे किडलेल्या दाढेच्या पोकळीत बसवलेला मिश्रधातू (अमाल्गम), भरलेली आहे, आणि तिच्यातला पारा अंगात भिनतो म्हणून ती लगेच काढावी, हा समजही तितकाच जुना आहे. या मिश्रधातूत वजनाने सुमारे ५० टक्के पारा असतो हे खरे. परंतु तो चांदी, कथील आणि तांब्याशी बांधलेला असल्याने चावताना त्याची वाफ अत्यल्प सुटते. उलट ड्रिलने ती काढतानाच ही वाफ काही काळ वाढते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये, गर्भवती, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी शक्यतो दुसरे साहित्य वापरण्यास सांगतानाच, सुस्थितीतील चांदी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये असेही स्पष्ट केले.

ती फुटली असेल, खाली कीड लागली असेल किंवा पाऱ्याची ॲलर्जी निश्चित झाली असेल, तर जरूर काढावी. मात्र रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा) लावून, भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन वापरून, शक्य तितक्या मोठ्या तुकड्यांत. संधिवात किंवा थकवा जाईल या आशेवर चांगली दाढ कोरायला लावणे मला रुग्णावरचा अन्याय वाटतो, कारण त्यात निरोगी दाताचाही काही भाग कायमचा जातो.