हिंसक संघर्षाची पूर्वसूचना व प्रतिबंध

समाजातील किंवा राष्ट्रांमधील तणाव रक्तपातापर्यंत पोहोचण्याआधी ओळखणे आणि त्याला वेळीच आवर घालणे, यासाठीच्या पद्धतशीर प्रयत्नांचा या विषयात समावेश होतो. संघर्ष मुळातून नाहीसा करणे हा त्यांचा हेतू नाही. हितसंबंध वेगळे असले की वाद होणारच; तो सभागृहात, न्यायालयात किंवा वाटाघाटींत मिटावा, शस्त्रांवर येऊ नये, एवढीच अपेक्षा.

जमीन, पाणी आणि सत्तेतील विषम वाटा, एखाद्या गटाला पिढ्यान्‌पिढ्या डावलणे, पक्षपाती पोलीस, जुन्या कत्तलींना न झालेली शिक्षा ही खोलवरची कारणे होत. त्यांवरून धोका कुठे आहे हे कळते, केव्हा ते कळत नाही. निवडणूक, नेत्याची हत्या, सत्तांतर ही निमित्ते ठरतात. या दोहोंच्या मधल्या काळात दिसणाऱ्या खुणांवर खरे लक्ष ठेवावे लागते: एका गटाला किडामुंगीच्या पातळीवर आणणारी भाषा, तरुणांच्या सशस्त्र टोळ्या, शस्त्रांचे साठे, माणसांच्या याद्या, मिश्र वस्तीतून गुपचूप होणारी स्थलांतरे.

आफ्रिकेतील रवांडात १९९४ च्या संहाराआधी यांतले बरेचसे उघड दिसत होते. ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी, म्हणजे देशातील दोन प्रमुख समाजगटांपैकी कोणत्या गटाचा, हे नोंदलेले असे. १९९३ मध्ये सुरू झालेले एक खासगी नभोवाणी केंद्र तुत्सींना झुरळे म्हणत असे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे कॅनेडियन प्रमुख रोमेओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला तार केली. लपवलेले शस्त्रसाठे आणि संहारासाठी चालू असलेली तुत्सींची नोंदणी यांची खबऱ्याकडून मिळालेली माहिती तीत होती. साठ्यांवर छापा घालायला मुख्यालयाने मनाई केली. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडले गेले आणि त्यानंतरच्या सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख लोक मारले गेले. कत्तल चालू असतानाच, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने शांतिसैनिकांची संख्या २७० पर्यंत घटवण्याचा ठराव केला. तेव्हा अपयश सूचनेचे नव्हते; ती ऐकणाऱ्यांना काही करायचे नव्हते.

उलट उदाहरण मॅसिडोनियाचे. शेजारी युगोस्लाव्हियाचे तुकडे होत असताना, डिसेंबर १९९२ मध्ये, युद्ध पेटण्याआधीच तिथे शांतिसैनिक पाठवण्याचे ठरले. असा हा पहिलाच प्रयोग होता. मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिल्याच्या रागातून चीनने १९९९ मध्ये नकाराधिकार वापरला आणि ही मोहीम संपली. दोन वर्षांनी देशात सशस्त्र उठाव झाला. मोहीम राहिली असती तर तो टळला असता, असे मात्र सिद्ध करता येत नाही. न झालेल्या युद्धाचे श्रेय कुणाला द्यायचे, ही या क्षेत्राची कायमची अडचण आहे, आणि निधी मागताना ती विशेष नडते.

गाजावाजा न करता केलेली मध्यस्थी पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे अल्पसंख्याकविषयक पहिले उच्चायुक्त मॅक्स व्हान डर स्टूल (१९९३–२००१) यांनी एस्टोनिया व लाटव्हियातील रशियन भाषकांच्या नागरिकत्वाच्या प्रश्नावर असेच काम केले. केन्याच्या ईशान्येकडील वजीरमध्ये १९९० च्या दशकात पुढाकार स्त्रियांचा होता. कुळाकुळांतील वैर बाजारात उतरले होते. कोणत्याही कुळाच्या बाईला तिथे खरेदी-विक्री करता यावी यावर त्यांनी स्वतः पहारा ठेवला. त्यातून उभ्या राहिलेल्या शांतता समितीत पुढे वडीलधारे, तरुण आणि सरकारी अधिकारीही आले. देखा इब्राहिम अब्दी या त्यातील प्रमुख कार्यकर्त्या.

पूर्वसूचनेच्या संस्थात्मक यंत्रणा आता अनेक आहेत, पण त्या चालवणारी सरकारेच बहुधा संघर्षातील पक्ष असतात. पूर्व आफ्रिकेतील इगाद या संघटनेने २००२ च्या कराराने उभारलेल्या यंत्रणेला सुरुवातीला सीमेपलीकडून होणाऱ्या गुरांच्या धाडींवरच लक्ष ठेवायचे होते. त्या विषयात सदस्य राष्ट्रांचे राजकारण फारसे दुखावले जात नव्हते.