अलेक्झांड्रियाची रोमनकालीन नाणी व त्यांचा संग्रह

रोमन साम्राज्याचा प्रांत असलेल्या ईजिप्तसाठी अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत पाडलेल्या, ग्रीक लेख असलेल्या नाण्यांना संग्राहक थोडक्यात ‘अलेक्झांड्रियन नाणी’ म्हणतात. इ. स. पू. ३० मध्ये सातव्या क्लीओपात्राचा अंत होऊन ईजिप्त ऑक्टेव्हियनच्या, म्हणजेच पुढच्या सम्राट ऑगस्टसच्या हाती आले. तेव्हापासून सम्राट डायोक्लीशनच्या चलनसुधारणेपर्यंत, सुमारे सव्वातीन शतके, ही नाणी मधले काही खंड सोडले तर सतत पाडली जात होती. रोमन अमलाखाली स्थानिक नाणी पाडणारी शहरे पूर्वेकडे शेकड्यांनी होती आणि त्यांतल्या बहुतेकांची नाणी तुरळक, अनियमित व कालनिर्णयाला अवघड आहेत. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर मात्र ती पाडल्याचे वर्ष असते. या एका गोष्टीमुळे त्यांचा संग्रह करण्याची पद्धतच इतर प्राचीन नाण्यांच्या संग्रहाहून निराळी झाली आहे.

ईजिप्तचे चलन बंदिस्त होते. क्लीओपात्राच्या टॉलेमी घराण्याने घालून दिलेली ही व्यवस्था रोमनांनी मोडली नाही. देशात येणाऱ्याने आपले सोने-चांदीचे परके नाणे मोडून स्थानिक नाणे घ्यायचे, आणि ते स्थानिक नाणे देशाबाहेर कोणी घेणार नाही, असा हा व्यवहार होता. ईजिप्तचा कारभारही सम्राटाने खास आपल्याकडे ठेवला होता. तेथे सिनेटर नव्हे, तर त्यांच्या खालच्या, अश्वारोही वर्गातला अधिकारी नेमला जाई आणि सिनेटरांना सम्राटाच्या परवानगीशिवाय प्रांतात पाऊल ठेवता येत नसे. या बंदिस्तपणाचा एक परिणाम आपल्याकडेही दिसतो. तांबड्या समुद्रावरील बेरेनिकी व मायोस हॉर्मोस या बंदरांतून निघणारी जहाजे भडोच, सोपारा, कल्याण व त्याखालच्या मलबार किनाऱ्यापर्यंत येत असत, म्हणजे व्यापार ईजिप्तच्या वाटेनेच चालत होता. तरीही भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांच्या साठ्यांत मुख्यतः चांदीचे डिनॅरियस आणि सोन्याचे ऑरियस मिळतात. अलेक्झांड्रियाचे नाणे ईजिप्तच्या सीमेवरच थांबे. त्यामुळे दख्खनच्या मातीतून निघालेले म्हणून कोणी असे नाणे दाखवू लागले, तर त्याच्या हकिगतीकडे जरा संशयानेच पाहावे.

नाण्यावरचे वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. लॅटिन ‘एल’ अक्षरासारखे दिसणारे एक चिन्ह ‘वर्ष’ हा अर्थ दाखवते. हे चिन्ह पपायरसांवरील, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांवरील, लेखनातून आलेले आहे. त्याच्या शेजारी ग्रीक अक्षरांत अंक असतो : अल्फा म्हणजे १, बीटा म्हणजे २, गॅमा म्हणजे ३, आयोटा म्हणजे १०. पहिल्यांदा हे नाणे हातात घेणारा मनुष्य या चिन्हाला अक्षर समजून लेख लावायला बसतो आणि अडकतो. कधी वर्ष अंकाऐवजी शब्दांत लिहिलेले असते. नववे वर्ष तर पुष्कळदा पूर्ण शब्दातच येते, कारण नऊ दाखवणारे थीटा हे अक्षर मृत्यूवाचक ग्रीक शब्दाचे आद्याक्षर असल्याने अशुभ मानले जाई, असे समजतात. ऑगस्टसची सुरुवातीची ब्राँझ नाणी वर्षाविना आहेत. ती क्लीओपात्राच्या नाण्यांचाच नमुना पुढे चालवतात आणि त्यांच्यावर ८० व ४० या किमतींची अक्षरे आहेत.

हे वर्ष रोमचे नव्हे, ईजिप्तचे आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर सगळा हिशेब चुकतो. ईजिप्तचे नववर्ष थोथ महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ज्यूलियन पंचांगाच्या २९ ऑगस्टला (लीप वर्षाच्या आधीच्या वर्षी ३० ऑगस्टला) सुरू होई. सम्राट कोणत्याही महिन्यात गादीवर येवो, त्याचे पहिले वर्ष येत्या २८ ऑगस्टला संपे आणि दुसऱ्या दिवशी दुसरे वर्ष लागे. वेस्पेझियनला इ. स. ६९ च्या १ जुलैला अलेक्झांड्रियातच सम्राट म्हणून घोषित करण्यात आले, त्यामुळे त्याचे पहिले वर्ष जेमतेम दोन महिन्यांचे आहे. (ईजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती समाज आजही ११ सप्टेंबरला नववर्ष पाळतो. तो हाच थोथचा पहिला दिवस होय. फरक फक्त ज्यूलियन व ग्रेगोरियन पंचांगांचा.)

एखादे साधे, बाजारात नेहमी दिसणारे नाणे घेऊन पाहिले तर ही पद्धत चटकन कळते. नीरोचे हिणकस चांदीचे टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्म (ड्रॅक्म हे ग्रीक चलनाचे एकक) किमतीचे नाणे, साधारण रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढे रुंद पण त्यापेक्षा पुष्कळ जाड असते. दर्शनी बाजूला किरणांचा मुकुट घातलेले नीरोचे जाड मानेचे मस्तक असून त्याभोवती त्याच्या नावाचा संक्षिप्त ग्रीक लेख असतो. मागील बाजूला हत्तीच्या मस्तकाचे कातडे शिरस्त्राणासारखे धारण केलेल्या स्त्रीचे मुख दिसते. सोंड कपाळावर वर वळलेली असते. ही स्त्री म्हणजे अलेक्झांड्रिया नगरीच. तिच्यापुढे वर्षाचे चिन्ह आणि आयोटा, बीटा ही अक्षरे असतात. दहा अधिक दोन, म्हणजे बारावे वर्ष. नीरो इ. स. ५४ च्या ऑक्टोबरात सम्राट झाला. त्याचे पहिले वर्ष ५५ च्या ऑगस्टअखेर संपले. म्हणून बारावे वर्ष २९ ऑगस्ट ६५ ते २८ ऑगस्ट ६६ हे ठरते. दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे बारा महिन्यांच्या आत नेमके बसवता येणे ही प्राचीन नाण्यांच्या जगात सर्रास मिळणारी सोय नाही.

राजकीय धामधुमीच्या काळात या वर्षांकांना पुराव्याचे मोल येते. इ. स. २३८ मध्ये काही महिन्यांतच साम्राज्यात सहा जणांनी सम्राटपद मिरवले. अलेक्झांड्रियात त्या एकाच ईजिप्शियन वर्षात मॅक्सिमिनसची चौथ्या वर्षाची नाणी निघाली. पहिला व दुसरा गॉर्डियन, बॅल्बायनस, प्युपीनस आणि तिसरा गॉर्डियन या सर्वांची पहिल्या वर्षाची नाणीही त्याच वर्षातली. पहिले दोन गॉर्डियन सत्तेवर होते जेमतेम तीन आठवडे. तरी बातमी आफ्रिकेच्या किनाऱ्याने ईजिप्तला पोचली, ठसे कोरले गेले आणि नाणी बाजारात आली. बातमी कशी पोचत असे याचाही माग कधी नाण्यावरच लागतो. नीरोनंतर आलेल्या गॅल्बाच्या पहिल्या नाण्यांवर त्याचे दत्तकविधानानंतरचे ‘लूशियस लिव्हियस’ हे नाव आहे, तर नंतरच्या नाण्यांवर ‘सर्व्हियस’. तिसऱ्या शतकातील अल्पजीवी सम्राटांचा कालक्रम लावताना इतिहासकार या नाण्यांचा आधार वारंवार घेतात. सीरियातील पॅल्मायराच्या राणी झिनोबियाच्या सैन्याने ईजिप्त घेतले तेव्हाची नाणी तर दोन वर्षांकांची आहेत : एका बाजूला ऑरेलियन आणि त्याचे पहिले वर्ष, दुसऱ्या बाजूला झिनोबियाचा मुलगा वाबलाथस आणि त्याचे चौथे वर्ष. सामोपचाराचा हा देखावा फार काळ टिकला नाही. त्यानंतरची झिनोबियाच्या स्वतःच्या नावाची नाणी दुर्मिळ असून संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही मुबलक आहेत.

मागील बाजूवरची चित्रे हे या नाण्यांचे दुसरे आकर्षण. भाषा ग्रीक, राजा रोमन आणि देव बव्हंशी ईजिप्तचे किंवा ग्रीक-ईजिप्शियन मिश्रणातले असे हे विश्व आहे. डोक्यावर धान्याचे माप धारण करणारा सरापिस, बाळाला पाजणारी आयसिस, तोंडाशी बोट नेणारा बाल हार्पोक्राटीस, फणा उभारलेला आगथोडायमॉन सर्प, मानवी मस्तकाच्या घटरूपातील कॅनोपसचा ओसायरिस, एपिस बैल हे त्यांतले नेहमीचे. एका नाण्यावर नीरोला ‘नवा आगथोडायमॉन’ म्हटले आहे. सम्राटाचे नाव सर्पाला देणारे हे नाणे त्याच्या दरबारी खुशामतीचा नमुना म्हणावे लागेल. नाईल नदी दाढीवाल्या पहुडलेल्या पुरुषाच्या रूपात येते, सोबत मगर किंवा पाणघोडा असतो. काही नाण्यांवर त्याच्याशेजारी १६ हा अंक असतो : पुराचे पाणी १६ हात चढले की पीक उत्तम, अशी समजूत होती. अलेक्झांड्रियाचे प्रसिद्ध दीपगृह डोमिशनपासून कमोडसपर्यंतच्या नाण्यांवर दिसते. ती इमारत कशी होती हे सांगणाऱ्या समकालीन चित्रांत या नाण्यांना फार मोठे स्थान आहे. हेड्रियनने इ. स. १३० मध्ये ईजिप्तला भेट दिली, त्याच प्रवासात त्याचा लाडका अँटिनोअस नाईलमध्ये बुडून मेला. त्याच्या मुखाची ब्राँझ नाणी १३४–३५ या वर्षात निघाली.

चित्रांच्या दृष्टीने अँटोनायनस पायसची कारकीर्द सर्वांत श्रीमंत आहे आणि ज्याला एकाच सम्राटावर थांबायचे आहे त्याने तिथेच थांबावे. इ. स. १३९ मध्ये व्याधाच्या ताऱ्याचा सूर्यासमवेत होणारा उदय जुन्या, लीप वर्ष नसल्याने ऋतूंमधून सरकत जाणाऱ्या ‘फिरत्या’ ईजिप्शियन पंचांगाच्या वर्षारंभी आला. ही घटना १,४६० वर्षांनी एकदा घडते. दुसऱ्या वर्षाच्या नाण्यांवर तेजोवलयासह फिनिक्स पक्षी आणि ‘आयॉन’ (युग) हा शब्द येतो तो याच संदर्भात. आठव्या वर्षाच्या, म्हणजे १४४–४५ च्या ब्राँझ ड्रॅक्मांवर बारा राशी आपापल्या स्वामिग्रहांसह आहेत : मेषेत मंगळ, वृषभेत शुक्र, कर्केत चंद्र, सिंहेत रवी, धनूत गुरू, मकरेत शनी. पत्रिका पाहणाऱ्या मराठी वाचकाला ही राशिस्वामींची मांडणी वेगळी शिकवावी लागत नाही. ग्रीक-ईजिप्शियन ज्योतिषातून ती भारतात आली. हेराक्लीसच्या पराक्रमांची मालिकाही याच सम्राटाची. याखेरीज डोमिशन ते अँटोनायनस पायस या काळात काही वर्षी नोम, म्हणजे ईजिप्तचे जिल्हे, यांच्या नावांची नाणी निघाली. त्यांवर त्या त्या जिल्ह्याचे दैवत असते.

धातूच्या बाबतीत मात्र ही कहाणी उताराचीच आहे. ऑगस्टसने चांदीचे नाणे पाडलेच नाही. टायबीरियसच्या सातव्या वर्षी (२०–२१) हिणकस चांदीचे टेट्राड्रॅक्म सुरू झाले आणि ते एका रोमन डिनॅरियसच्या बरोबरीचे ठरले. नीरोने त्यातली चांदी आणखी उतरवून शेवटच्या काही वर्षांत ती नाणी प्रचंड संख्येने पाडली. ती आजही स्वस्त मिळतात याचे कारण तेच. सुरुवातीचे १२–१३ ग्रॅमचे नाणे डायोक्लीशनपर्यंत ७–८ ग्रॅमवर आले, आकसले, जाडजूड झाले आणि त्यातली चांदी नावापुरतीच उरली. मोठी ब्राँझ नाणी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. लोकांचा विश्वास कसा डळमळला याचा दाखला ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या इ. स. २६० च्या एका पपायरसात आहे. सावकारांनी ‘सम्राटांचे दैवी नाणे’ घ्यायचे नाकारून पेढ्या बंद केल्या होत्या. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने त्यांना पेढ्या उघडून, खोटे नाणे सोडून बाकी सर्व नाणी स्वीकारण्याचा हुकूम सोडला. तेव्हा नाणी मॅक्रियेनस व क्वाएटस या दोघा बंडखोर भावांची होती. अखेर डायोक्लीशनच्या बाराव्या वर्षी (२९५–९६) ही मालिका संपली व लॅटिन लेखांची साम्राज्यभर चालणारी नाणी आली. त्यानंतर बंडखोर डोमिशियस डोमिशियानसने दोन्ही प्रकारची नाणी पाडली. ग्रीक लेखांची शेवटची नाणी त्याचीच.

संग्रह लावण्याच्या रीती अनेक आहेत. प्रत्येक सम्राटाचे एक नाणे जमवणारे बहुसंख्य. पण या मालिकेची खरी मजा वर्षागणिक संग्रहात आहे : एकाच सम्राटाचे एकेक वर्ष भरत जाणे आणि रिकाम्या जागी नाणे पाडलेच गेले नव्हते की आपल्यालाच मिळालेले नाही, याचा शोध घेणे. या शोधात संदर्भग्रंथांशिवाय पाऊल पुढे पडत नाही. कैरोत राहणाऱ्या जोव्हान्नी दात्तारी या इटालियन संग्राहकाने १९०१ मध्ये स्वतःच्या संग्रहाची यादी छापली, आणि आजही लिलावाच्या वर्णनात ‘दात्तारी क्रमांक’ दिलेला असतो. ब्रिटिश म्यूझियमची १८९२ ची आर. एस. पूल यांची यादी आणि ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयाची जे. जी. मिल्न यांची १९३३ ची यादीही वापरात आहेत. रोमन प्रांतिक नाण्यांचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आता आपली सामग्री महाजालावर विनामूल्य देतो, त्यामुळे नवख्या संग्राहकाने आधी तिथले नमुने डोळ्यांखालून घालावेत आणि मग खरेदीला लागावे.

नाण्याच्या अवस्थेबाबत अपेक्षा बेताची ठेवावी लागते. ब्राँझ ड्रॅक्म ३०–३५ मिलिमीटरचे, देखणे, पण पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले असल्याने झिजलेले असतात, आणि ईजिप्तच्या खारट मातीने त्यांचा पृष्ठभाग खाल्लेला असतो. राशींचे गुळगुळीत झालेले ड्रॅक्मही म्हणून टाकाऊ समजू नये. चित्र ओळखू येते आणि वर्ष वाचता येते एवढे पुरे. त्याउलट झिजलेल्या मुखावर केसांच्या बटा मात्र कोरीव व धारदार दिसल्या, तर कोणीतरी अलीकडे छिन्नी चालवली आहे असे खुशाल समजावे. ओतीव नकलांच्या कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. नाण्यावर फिकट हिरवी, नखाने निघणारी भुकटी दिसली तर तो क्लोराइडमुळे होणारा ब्राँझचा रोग होय. असे नाणे इतरांपासून तत्काळ वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि उपचार जाणकाराकडून करून घ्यावेत. लिंबू, चिंच किंवा पितांबरीने घासणे हा उपाय नव्हे, तो नाण्याचा शेवट असतो.

सर्वांत नाजूक प्रश्न नाणे आले कोठून हा आहे. फयूममधील कारानिस येथे मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात केलेल्या उत्खननात टेट्राड्रॅक्मांचे साठे घरांच्या अवशेषांत सापडले, म्हणून कोणत्या नाण्यासोबत कोणते नाणे फिरत होते हे कळू शकले. चोरट्या खोदकामातून निघालेल्या साठ्याबद्दल हे कधीच कळत नाही. ईजिप्तने १९८३ च्या कायदा क्रमांक ११७ ने पुरावस्तूंचा व्यापार व निर्यात बंद केली आहे, त्यामुळे बाजारातील प्रामाणिक नाणे हे त्याआधी देशाबाहेर पडलेल्या जुन्या संग्रहातून आलेले असायला हवे. ‘स्वच्छ न केलेली ईजिप्तची नाणी’ म्हणून शेकड्यावर विकले जाणारे ढीग स्वस्त असले तरी घेऊ नयेत. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कला-संपत्ती अधिनियमानुसार १०० वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिची विक्री हा धंदा करायचा तर परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. एकदा भारतात आणलेले अलेक्झांड्रियन नाणे या व्याख्येत बसते, हे परदेशी लिलावात बोली लावणाऱ्या संग्राहकाने आधीच समजून घ्यावे, आणि जुन्या संग्रहाचे लेबल, लिलावाची पावती व आयातीची कागदपत्रे नाण्याच्याच पाकिटात जपून ठेवावीत.