‘केस’ म्हणजे नक्की किती? पेय कंपन्यांतल्या सेल्फ-सर्व्हिस बीआयची पार्श्वभूमी

प्रश्न ज्याचा, आकडेमोडही त्यानेच करायची, या पद्धतीला आज सेल्फ-सर्व्हिस बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) म्हणतात; पेय उद्योगात ती संगणकाच्या फार आधीची आहे. विल्यम गॉसेट 1899 मध्ये डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत लागले, ते रसायनशास्त्र शिकलेले ब्रुअर म्हणून. माल्टच्या चाचण्या मोजक्याच आणि प्रत्येकीचा निकाल थोडा वेगळा. मग कितींच्या सरासरीवर विसंबायचं? 1904 मध्ये त्यांनी याबद्दल कंपनीत अहवाल दिला आणि 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला. मोजक्या नमुन्यांच्या सरासरीवर किती विसंबायचं ते सांगणारी आजची टी-चाचणी त्यातूनच आली.

पुढे आकडे मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) आणि नंतर ईआरपीत, म्हणजे कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेले, तसे ते काम करणाऱ्यांच्या हातून सुटले. नाशिकमध्ये महिन्याला किती क्वार्टर (180 मिलीच्या बाटल्या) खपल्या एवढं कळायलाही आयटीकडे मागणी टाकून थांबावं लागे. त्यावर लोकांनी शोधलेली वाट म्हणजे एक्सेल. 1993 मध्ये एक्सेल 5 सोबत ओळींची गटवार बेरीज करणारं पिव्होट टेबल आलं, पण एक्सेल 2003 मध्येही शीट 65,536 ओळींना संपे. वितरकाकडून दुकानात जाणाऱ्या मालाच्या, म्हणजे सेकंडरी विक्रीच्या बिलांना ती कुठली पुरणार? 2007 मध्ये मर्यादा 10,48,576 झाली. खरा बदल 2010 च्या पॉवरपिव्होट या एक्सेलच्या पूरक साधनाने केला: लाखो ओळी दाबून साठवायच्या, वेगवेगळे तक्ते नात्यांनी जोडायचे आणि सूत्र एकदाच लिहायचं. आकड्यांचे आलेख आणि रिपोर्ट बनवणारं सॉफ्टवेअर काढणारी टॅब्लो ही कंपनी 2003 पासून होतीच. जुलै 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टचं तसंच साधन, पॉवर बीआय, सर्वांसाठी खुलं झालं.

रिपोर्ट जो तो बनवू लागला, आणि एकाच बैठकीत एकाच महिन्याचे दोन आकडे समोर येऊ लागले. मद्य कंपनीत याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘केस’, अर्थात बाटल्यांचा खोका. 750 मिलीच्या 12 बाटल्या म्हणजे 9 लिटर, पण 180 मिलीच्या 48 क्वार्टर म्हणजे 8.64 लिटर. दोन्हीच्या शंभर-शंभर केस गेल्या तर गोदाम 200 म्हणतं. 9 लिटरच्या मापाने त्या 196 भरतात. उत्पादन शुल्काच्या नोंदीत तिसरंच माप, दारूच्या तीव्रतेनुसार मोजलेलं प्रूफ लिटर: 42.8 टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीची 9 लिटरची केस 6.75 प्रूफ लिटर होते. शीतपेयांत युनिट केस धरतात, ती 5.678 लिटरची. कोणताच आकडा खोटा नाही, म्हणून तर वाद मिटत नाही.

उपाय साधा आहे, पण तो पहिल्याच दिवशी करावा लागतो. विक्रीच्या तक्त्यात बाटल्याच ठेवा. मिली, केसमधल्या बाटल्या आणि तीव्रता उत्पादन मास्टरमध्ये (उत्पादनांच्या मूळ यादीत), एका एसकेयूला, म्हणजे ब्रँड आणि बाटलीच्या मापाच्या प्रत्येक वेगळ्या प्रकाराला, एकच ओळ. बाटल्या गुणिले मिली भागिले 9000 हे सूत्र ओळीओळीला चालवून मग बेरीज घ्या. आधी बाटल्यांची बेरीज करून सरासरी मिलीने गुणलं की क्वार्टरचं प्रमाण बदलताच आकडा चुकतो. मास्टर सर्वांनी वाचावा, बदलावा मात्र एकानेच.

दुसरी चूक प्रायमरी (कंपनीकडून वितरकाला) आणि सेकंडरी विक्रीचे तक्ते थेट एकमेकांना जोडण्याची. एका वितरकाच्या दोन्हीकडे अनेक ओळी असतात. जोडल्यावर त्या एकमेकींशी गुणल्या जातात आणि विक्री फुगते. दोन्ही तक्ते वितरक, उत्पादन आणि तारीख या सामाईक तक्त्यांना स्वतंत्रपणे जोडावेत. तारखांच्या तक्त्यात ड्राय डेसाठी वेगळा रकाना हवाच, तोही राज्यवार. निवडणुकीमुळे दुकानं बंद राहिलेला महिना गेल्या वर्षीच्या पूर्ण महिन्याशी ताडला, तर विक्री पडल्याचा ठपका विनाकारण तिथल्या सेल्समनवर येतो.