हिरा झाला म्हणजे हॅझॉप झाला असं नाही

खत कारखान्यात ‘हिरा’ (हॅझर्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट, म्हणजे कामातले धोके ओळखून जोखीम ठरवणं) आणि ‘हॅझॉप’ (हॅझर्ड अँड ऑपरेबिलिटी स्टडी, म्हणजे प्रक्रियेत काय बिघडू शकतं याचा अभ्यास) ही नावं एका दमात घेतली जातात. दोन्हींत धोकेच शोधायचे, दोन्हींचे तक्ते भरायचे, त्यामुळे एकाची फाइल तयार असली की दुसऱ्याचंही उरकलं असं धरून चालतात. युरिया प्लांटमध्ये हा समज जिवावर बेतू शकतो.

हिरा कामावरून सुरू होतो. अमोनियाच्या टँकरला होज जोडायची, प्रिलिंग टॉवरवर (युरियाचे दाणे पाडणाऱ्या मनोऱ्यावर) चढायचं, व्हेसलमध्ये उतरून वेल्डिंग करायचं. त्यात माणसाला काय होऊ शकतं, शक्यता किती, इजा किती गंभीर, हे ठरवून परमिट (कामाची लेखी परवानगी), हार्नेस, श्वसनसंच नेमायचे. प्रत्यक्ष काम करणारा कामगार सोबत बसला, तरच हिरा खरा उतरतो.

हॅझॉप पाइपमधून जे वाहतं त्याच्या मागे लागतो. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६०च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. पी अँड आयडी (पाइप, व्हॉल्व्ह, उपकरणं दाखवणारी आकृती) टेबलावर पसरायची, तिचे नोड, म्हणजे तपासायचे छोटे भाग, पाडायचे आणि प्रत्येक नोडवर विचारायचं: प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर?

यातला ‘उलटा’ नीट बघा. अनेक प्लांटमध्ये युरिया रिॲक्टर १४० बार दाबाच्या आसपास चालतो, काहींत त्याहूनही वर. रिॲक्टरला अमोनिया पुरवणारा फीड पंप ट्रिप झाला (अचानक बंद पडला) आणि पुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसला नाही, तर रिॲक्टरमधलं गरम, धातू खाणारं कार्बामेट (अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचं संयुग) मागे येऊ शकतं. सक्शनकडची, म्हणजे पंपात येणारी, लाइन तेवढ्या दाबासाठी बांधलेलीच नसते. त्या क्षणी तिथे कुणी काम करत नसतं, परमिट निघालेलं नसतं, म्हणून हिराच्या तक्त्यात याची ओळच नसते. हॅझॉपची टीम मात्र इथेच अडून बसते: एका नॉन-रिटर्नवर भिस्त का? पंप ट्रिप होताच लाइन आपोआप बंद होते का? सक्शनचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उलट्या प्रवाहाचा हिशेब धरून निवडलाय का?

होज सोडताना माणसाने वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहावं, हे मात्र हॅझॉप सांगणार नाही.

टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत २३ मार्च २००५ला स्फोट होऊन १५ जण गेले. कामगारांच्या इजांचे सुधारते आकडे कंपनीने प्रक्रिया सुरक्षित असल्याची खूण मानली होती, असं बीपीच्या रिफायनऱ्यांची सुरक्षा तपासणाऱ्या बेकर समितीने नंतर नोंदवलं. म्हणून ऑडिटमध्ये ‘रिस्क असेसमेंट झालंय’ एवढ्यावर थांबू नका. हॅझॉपचा अहवाल वेगळा मागा, त्यातल्या किती शिफारशी अजून उघड्या आहेत ते बघा आणि त्यानंतर पंप बदललाय किंवा बायपास टाकलाय का, हेही विचारा. बदल झाला असेल, तर त्या नोडचा हॅझॉप पुन्हा करावाच लागतो.