उबिराजारा नावातला ‘ज’ आला कुठून?

2020 मधे एका छोट्या डायनासोरला उबिराजारा नाव दिलं. जीवाश्म ब्राझीलचा पण ठेवलेला जर्मनीत, त्यावरून ब्राझीलमधे एवढा गदारोळ झाला की रिसर्च पेपर मागे घेतला गेला आणि 2023 ला तो दगड परत मायदेशी गेला. बातम्यांमधे नावाचा अर्थ छापला ‘भाल्याचा स्वामी’ आणि विषय संपला. पण उबिराजारा हे तिकडे माणसांचं नाव आहे, आणि मूळ आहे तुपी भाषेतलं, म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा ब्राझीलच्या किनाऱ्यावर बोलली जायची ती भाषा.

हा सरळ आपला षष्ठी तत्पुरुष आहे. पहिलं पद ‘उबिरा’ म्हणजे झाड, लाकूड, काठी आणि दुसरं ‘यारा’ म्हणजे धनी. लाकडाचा धनी, म्हणून पुढे भालेवाला.

आता खरी गंमत. तुपीत या पहिल्या पदाच्या सुरुवातीचा स्वर ना इ आहे ना उ. जीभ ई आणि ऊच्या मधोमध ठेवायची आणि ओठ अजिबात गोल करायचे नाहीत, करून बघा. पोर्तुगीजमधे हा आवाजच नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याने कधी इ ऐकला कधी उ, म्हणून साओ पाउलोतलं पार्क झालं इबिरापुएरा आणि माणूस झाला उबिराजारा, दोन्हीकडे झाड तेच! आणि ‘यारा’चा ‘जारा’ झाला कारण पोर्तुगीज तोंडात तुपीचा य ज-कडे सरकतो (खरं तर झ-सारखा घासून येतो). आपल्याकडे यात्राची जत्रा झाली, यंत्राचं जातं झालं, तसंच. मुलींचं इआरा नाव घ्या, पाण्याची धनीण, त्यात मात्र हाच शब्द य सांभाळून राहिलाय.

आणि लोक अंकशास्त्राच्या नादाने नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधे एक जास्तीचा ‘ए’ घालून नशीब बदलायला पैसे मोजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्पेलिंग असं कुणाच्या कानाला काय ऐकू आलं त्यावर ठरलेलं असतं, त्यात भविष्य कुठून येणार?

तुपीच्या य चा झालेला हाच ज आपल्या घरातही आहे. तुपीत एका फळाला ‘अकायु’ म्हणायचे, पोर्तुगीजांनी त्याचं ‘काजु’ केलं, झाड गोव्यात आणून लावलं आणि आपण म्हणायला लागलो काजू.