ता क्वान म्हणजे ब्यांगब्यांग नव्हे

चीनमधल्या लानझोऊ शहरातल्या एका चार टेबलांच्या खानावळीत मी खिडकीशी पैसे भरल्याची चिठ्ठी दिली आणि 'ता क्वान' म्हणालो, म्हणजे 'एकदम रुंद'. दोन मिनिटांत वाडगा हातात आला. नितळ रश्श्यात कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स. "अरे वा, ब्यांगब्यांग!" मी मोठ्यानं म्हणालो. शेजारी भुरके मारत बसलेल्या काकांनी मान वर केली. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला कुणी सावजी म्हटलं तर लोक जसं बघतील, तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ही चूक अनेकांची होते. ता क्वान लानझोऊची, ब्यांगब्यांग शिआनची. परदेशातल्या चिनी हॉटेलांत दोन्ही पदार्थ 'हँड पुल्ड नूडल्स' या एकाच पाटीखाली मिळतात. दोन्ही मैद्याच्या, हातानं ओढलेल्या, वायव्य चीनकडच्या. शांशी प्रांतातलं शिआन आणि गान्सूतलं लानझोऊ ही शहरं २०१७ पासून वेगवान रेल्वेनं जेमतेम तीन तासांवर आली आहेत. पण ओढणं ही शेवटची पायरी झाली. वाटा फुटतात त्या आधीच, पीठ भिजवतानाच.

लानझोऊच्या पिठात खार असतो. पूर्वी तो वाळवंटी झुडपांच्या राखेतून मिळवत. तिला पंगह्वेई म्हणतात आणि तिच्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. आता बरेच जण तयार पावडर वापरतात. आपल्या पापडखाराचाच हा भाऊबंद. खारानं पीठ किंचित पिवळं पडतं, वेगळा वास धरतं आणि असं चिवट होतं की ओढताना दगा देत नाही. मग कारागीर त्याचा हातभर लोळा दोन्ही टोकांना धरतो, ओट्यावर आपटतो, दोरखंडासारखा पीळ देतो, दुमडतो, पुन्हा आपटतो. त्यातून एका वाडग्यापुरता तुकडा तोडून तेलाचा हात लावला की खरा खेळ सुरू. दोन्ही टोकं एका हातात घ्यायची, दुसऱ्या हातानं मधला फास ओढायचा, पुन्हा दुमडायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. सातव्या घडीला १२८ दोरे होतात, आठव्या घडीला २५६. आजीला हातावर शेवया ओढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा हिशेब नवा नाही. आजीच्या शेवया मात्र दांडीवर वाळायच्या, इथे त्या तशाच उकळत्या पाण्यात जातात.

घड्या किती घालायच्या हे गिऱ्हाइकावर. माओ शी म्हणजे केसासारख्या बारीक, एर शी मध्यम, च्यू ये पातीसारख्या चपट्या, आणि ता क्वान सगळ्यांत रुंद. ता क्वानसाठी लोळा आधी हातानं चपटा करतात आणि मोजक्याच घड्या घालतात. दिसायला पट्टा, पण घराणं तेच: तोच खार, तोच रस्सा. त्या रश्श्याचं वर्णन तिथले लोक पाच रंगांत करतात: नितळ रस्सा, पांढरा मुळा, लाल तिखट तेल, हिरवी कोथिंबीर आणि लसणाची पात, पिवळ्या नूडल्स. आजचं हे रूप १९१५ च्या सुमारास मा पाओत्झ नावाच्या ह्वेई मुस्लिम विक्रेत्यानं बसवलं असं सांगतात.

शिआनच्या ब्यांगब्यांगला खार लागत नाही. मैदा, मीठ, पाणी. आणि भरपूर विश्रांती. लाट्यांना तेल चोपडून त्या झाकून ठेवतात. पुरणपोळीची कणीक तिंबून ठेवणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको, पीठ मुरलं की आपणहून सैल पडतं. मग लाटी चपटी करून मधोमध काडी दाबून लांब खाच पाडायची, दोन टोकं धरून ओढायची आणि ओढता ओढता ओट्यावर आपटायची. त्या आवाजावरूनच हे नाव पडलं म्हणतात. इथे दुमडणं नाही. एकदाच वावभर ओढायचं आणि खाचेवरून फाडायचं, की पट्टीचा एक मोठा फास होतो. त्यामुळे एकाच पट्टीत कुठे पातळ, कुठे जाड असा घास लागतो. एका वाडग्यात अशा जेमतेम चार-पाच पट्ट्या. नावातलं 'ब्यांग' हे अक्षर तर पन्नासाहून अधिक रेघांचं आहे. संगणकावरच्या अक्षरांच्या युनिकोड या यादीत त्याला जागा मिळायला २०२० साल उजाडलं.

आणि रस्सा नाही! पट्ट्यांवर तिखट, लसूण, पात घालतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. चर्र! आपण फोडणी करून पदार्थ तिच्यात घालतो, हे लोक पदार्थावर फोडणी करतात. सोबत कच्च्या लसणाच्या पाकळ्या, वर व्हिनेगर, आणि शेवटी नूडल्स उकळलेलं गरम पाणी प्यायला.

आपल्याकडच्या खाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. लानझोऊच्या वाडग्यातून मांस काढायला सांगितलं तर फक्त वरचे तुकडे जातात, रस्सा गाईच्या मांसाचाच राहतो. ही दुकानं हलाल असल्यामुळे डुक्कर मात्र तिथे शिजत नाही. शिआनकडे उलट: टॉपिंगमध्ये डुकराचा खिमा असू शकतो, पण नुसतं तेल-तिखट घातलेलं 'योउपो' मागितलं तर बहुधा शाकाहारी माणसाचं जेवण होतं. तरी विचारून घ्यावं.

माझं मत विचाराल तर पट्टा खायचा तो शिआनलाच. रुंद पट्टीला तेल-तिखट चिकटून बसतं, पातळ रस्सा नुसता घरंगळून जातो. ता क्वान अर्ध्यावर आल्यावर हे माझ्या ध्यानात आलं. काकांच्या ध्यानात ते आधीच आलं असावं, कारण उठताना त्यांनी स्वतःच्या रिकाम्या वाडग्याकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले: "एर शी."

लानझोऊत हे सकाळचं खाणं. बरीच दुकानं दुपारनंतर ओटा पुसायला घेतात. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसातलाच गेलो आणि एर शी मागितली. काका दिसले नाहीत. वाडगा मी रश्श्यासकट संपवला.